पागे बाबूंचा तपास

यंदा आमच्या शाळेने माजी विद्यार्थ्यांच्या सत्कारासाठी नावं गूगल फॉर्मवर मागवली आहेत. नाव, बॅच, हुद्दा, शहर, आणि समाजसेवा असल्यास शंभर शब्दांत. फोटो सक्तीचा, तो नसला तर फॉर्म पुढे सरकतच नाही. नवे सचिव तरुण आहेत, पुण्याच्या कंपनीचं काम इथे इंदूरला घरी बसून करतात. त्यांनी मोठ्या उत्साहाने मला फोन केला. "मॅडम, पागे बाबूंचं नाव मरणोत्तर टाकू या ना. फॉर्म तुम्हीच भरून द्या, तुम्ही त्यांना जवळून ओळखत होतात."

मी लिंक उघडली. हुद्दा : सेवानिवृत्त लिपिक. समाजसेवेच्या रकान्यावर बोट ठेवून अर्धा तास बसले. शंभर शब्दांत काय डोंबल सांगणार? शेवटी फोन बाजूला ठेवला. एक तर पागे बाबू शंभर शब्दांत मावणारे नव्हते. आणि दुसरं म्हणजे, या यादीतलं आपलं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने काटलं होतं, लाल पेनने, माझ्यासमोर. ते मी परत कसं लिहू?

म्हणून हे लिहायला घेतलंय. मी जन्मभर गणित शिकवलं, निबंध नाही. मागेपुढे झालं तर चालवून घ्या.

राजवाड्यापासून पायी दहा मिनिटांवर आमची शाळा. पागे बाबू तिथेच शिकले, तिथूनच पास झाले आणि तिथेच ऑफिसात क्लार्क म्हणून लागले. मी मास्तरीण म्हणून रुजू झाले तेव्हा माझे कागद त्यांनीच घेतले होते. बुटके, सावळे. बारा महिने पांढरा हाफ बुशशर्ट, थंडीत त्यावर बायकोने, सुधाकाकूंनी, विणलेलं राखाडी बिनबाह्यांचं स्वेटर. खिशात दोन पेनं, निळं लिहायला आणि लाल काटायला. निळं पेन कोणीही मागावं. लाल ते हेडमास्तरांनाही देत नसत.

बोलणं आम्हा सगळ्या इंदूरवाल्यांसारखं, मराठीत निघालेलं वाक्य हिंदीत जाऊन थांबायचं. "मॅडम, तुम्ही ते फॉर्म अजून भरून नाही राहिल्या का? मतलब अपन कधी जमा करायचे?" लिहिणं मात्र असं की कोर्टाने मान डोलवावी. सदर, उपरोक्त, निम्नस्वाक्षरीकार. कोणी ऑफिसात येऊन काही खबर सांगितली, अमक्याचं लग्न मोडलं, तमक्याची बदली झाली, की बाबू रजिस्टरातून मान वर न करता विचारायचे, "देखी के सुनी?" ऐकीव म्हटलं की झालं, त्यांच्या लेखी ती बातमीच नव्हती.

सत्काराची आमची रीत अशी. दरवर्षी डिसेंबरात, गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी, तीन माजी विद्यार्थ्यांना शाल, नारळ आणि मानपत्र. नाव कोणीही सुचवावं. पण एका वर्षी ज्या गृहस्थांना शाल घातली त्यांना महिन्याभरातच पोलीस घेऊन गेले. सुनेला मारायचे. बाबूंनी ते फार मनाला लावून घेतलं, कारण मानपत्रात "कुटुंबवत्सल" हा शब्द त्यांनी घातला होता. तेव्हापासून आलेल्या प्रत्येक नावाचा ते तपास करू लागले. कमिटीने हे काम त्यांना दिलं नव्हतं, त्यांनीच घेतलं होतं. नंतर कोणाची काढून घ्यायची हिंमत झाली नाही. रिटायर झाल्यावरही नोव्हेंबर लागला की जुन्या स्कूटरवर बसून ते तपासाला निघत.

त्यांचे नियम पक्के होते. ज्याचं नाव आलंय त्याला काही विचारायचं नाही, त्याला सुगावाही लागू द्यायचा नाही; कळलं की माणूस सिफारिश लावतो. विचारायचं ते गल्लीत. कपडे इस्त्री करणाऱ्या प्रेसवाल्याला, दूधवाल्याला, समोरच्या घरातल्या बाईला. आणि नाव काटलंच तर का काटलं ते कोणालाही सांगायचं नाही, अध्यक्षांनाही नाही. मी एकदा फार खोदून विचारलं तर म्हणाले, "मॅडम, अपन सत्कार करायला बसलोय. बदनामी करायला थोडीच बसलोय?"

हा शेवटचा नियम मला तेव्हा फार मोठ्या मनाचा वाटला होता. अजूनही वाटतो, म्हणून तर जास्त त्रास होतो.

एकदा एका कारखानदाराचं नाव आलं. शाळेला त्यांनी वॉटर कूलर दिला होता, तेव्हा नाव जवळजवळ पक्कंच. बाबू त्यांच्या कॉलनीत गेले आणि थेट कचरागाडीवाल्याला गाठलं. आमच्या इंदुरात गीला कचरा वेगळा आणि सूखा वेगळा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गाडीवाला म्हणाला, "भिया, बोलते हैं तो साब गाली देते हैं। सब मिलाके फेंक देते हैं, छाँटना हमको पड़ता है।" बाबू त्यावर थांबले नाहीत, सुनी झाली, देखी व्हायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जाऊन ते त्या बंगल्यासमोर उभे राहिले. पाहिलं, ऐकलं, आणि नाव काटलं. अध्यक्ष भडकले. कूलरचं आता काय सांगू म्हणाले. बाबू शांतपणे म्हणाले, "कूलरचा सत्कार करायचा असेल तर करा, साहेब. शाल कूलरला घाला." ही कचऱ्याची गोष्ट तेव्हा त्यांनी कोणाला सांगितली नाही. ते कारखानदार वारल्यावर मला सांगितली.

आणि ज्यांना कोणी विचारत नव्हतं अशांना हेच बाबू शोधून आणत. देपालपुरला आमचा एक विद्यार्थी ढोरांचा सरकारी डॉक्टर होता. त्याचं नाव कोणीच सुचवलं नव्हतं. बाबू बसने देपालपुरला गेले, धान्यमंडीत दिवसभर बसले, येईल त्या शेतकऱ्याला विचारत. एक म्हातारा म्हणाला, "ढोर को डागदर है, पण मनख की भी खबर राखे।" ढोरांचा डॉक्टर माणसांचीही काळजी घेतो, बाबूंना तेवढं पुरलं. मग ते शाळेच्या जुन्या शिक्षेच्या रजिस्टरात शिरले. मानपत्रात शाळेतली एक तरी गोष्ट हवीच, हा त्यांचा हट्ट.

कार्यक्रमात हेडमास्तरांनी ते मानपत्र वाचलं : "इयत्ता आठवीत असताना जखमी कबुतर दप्तरातून वर्गात आणल्याबद्दल सदर विद्यार्थ्यास तीन दिवस वर्गाबाहेर उभे राहण्याची शिक्षा झाली होती. ती शिक्षा आज रोजी रद्द करण्यात येत आहे." हॉल हसला. तो पन्नाशीचा डॉक्टर मात्र स्टेजवर उभ्या उभ्या रडायला लागला, त्याच्या बायकोला कळेना काय झालं. बाबू पडद्यामागे नारळ पुसत होते. बाबू कधी स्टेजवर गेले नाहीत. लिहायचं त्यांनी, वाचायचं दुसऱ्याने.

आता सुमनचं सांगते. तेच सांगायचं होतं, मघापासून टाळतेय.

सुमन कांबळे माझी अगदी सुरुवातीच्या वर्गातली. वडील फौजेत हवालदार, घर महूला. रोज महूहून गाडीने शाळेत यायची आणि तरी कधी उशीर नाही. पुढे नर्स झाली. सरकारी दवाखान्यात टीबीच्या वॉर्डात, जिथे ड्यूटी लागू नये म्हणून बाकीच्या धडपडत, तिथे ही मागून घेऊन राहिली. रविवारी महूच्या वस्तीत जाऊन म्हाताऱ्यांची बीपी बघायची, इंजेक्शनं द्यायची. बारा वर्षांपूर्वी तिचं नाव मी सुचवलं. आणि मला राहवेना, म्हणून नियम मोडून तिला फोन केला. "सुमन, कोणाला सांगू नकोस, पण यंदा डिसेंबरात शाल तुझी."

पंधरा दिवसांनी बाबूंनी यादी समोर ठेवली. सुमनच्या नावावर लाल रेघ. मी म्हटलं, का? ते म्हणाले, "घरचं ठीक नाही." एवढंच. माझ्या डोक्यात तिडीक गेली, दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पण मनात हेही आलं, की बाबूंनी काटलंय म्हणजे काहीतरी असणार. आमचा सगळ्यांचा तेवढा विश्वास होता त्यांच्यावर. सुमनला काय सांगायचं ते सुचेना. लाज वाटली, म्हणून फोन केलाच नाही. आज करू, उद्या करू, असं करत वर्षं गेली. मी स्वतःला याबद्दल माफ केलेलं नाही.

गेल्या साली कमिटीत कोणीतरी म्हणालं, अरे, पागे बाबूपण आपले माजी विद्यार्थीच ना? सगळ्यांना एकदम पटलं. मी नाव घेऊन बाबूंकडे गेले. मला वाटलं, नको नको म्हणतील. ते म्हणाले, "ठीक आहे. पण तपास करा."

मी हसले. ते हसले नाहीत. "नियम आहे, मॅडम. माझ्या गल्लीत जा. मला सांगून जाऊ नका."

आता याला काय म्हणावं? पण गेले. जुन्या इंदुरात, एका अरुंद गल्लीत दोन खोल्यांत ते आणि सुधाकाकू राहायचे. मूलबाळ नाही. काकू हल्ली विसरतात, असं ते मध्ये एकदा बोलले होते. आपण सगळेच विसरतो, मी लक्ष दिलं नाही. कार्यक्रमांना त्या यायच्या बंद झाल्या होत्या, तेही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या प्रेसवाल्याने बाबूंची तारीफ केली. समोर एक बाई दारात मेथी निवडत बसल्या होत्या, त्यांना विचारलं. त्यांनी मेथी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "आदमी तो भले हैं। पर सच बोलूँ? घरवाली को बंद करके जाते हैं। बाहर से ताला मार के।"

माझा विश्वास बसेना. समोर बघितलं तर खरंच, दाराला कुलूप. मी खिडकीशी गेले. काकू आत खुर्चीवर बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले, कुंकू लावलेलं. मला बघून उठल्या, खिडकीपाशी आल्या. मला ओळखलं नाही. पण चेहऱ्यावर तेच अगत्य.

"या ना," म्हणाल्या. "ते बाहेर गेलेत, येतीलच. तुम्ही आत या, बसा."

मी कुलपाकडे बघत राहिले.

तेवढ्यात बाबू आले, पिशवीत पालक आणि औषधं. मला बघून थबकले, मग कुलूप काढलं, काकूंना आत नेऊन बसवलं, पाणी दिलं आणि बाहेर ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले.

"विचारलंत?"

"विचारलं. सगळे चांगलंच म्हणाले."

"ताल्याचं कोणी नाही बोललं?"

बाबू पिशवीतला पालक उगाच नीट करत राहिले. मग म्हणाले, "तीनदा निघून गेली मॅडम ती. एकदा तर छावणीपर्यंत, अनवाणी. दिवसभर बाई ठेवून बघितली, टिकत नाही कोणी. मला औषधाला जावं लागतं, भाजीला जावं लागतं. मग काय करू? अर्ध्या तासाचा ताला लावतो. जीव थाऱ्यावर नसतो माझा."

मी म्हटलं, "बाबू, यात तुमची काय चूक आहे? मला कळतं की."

"तुम्हाला कळतं, कारण तुम्ही खिडकीशी गेलात," ते म्हणाले. आणि मग पुढचं सांगितलं. "सुमन कांबळेचं नाव मी याच्यावरच काटलं होतं. शेजारीण म्हणाली, माँ को बंद करके ड्यूटी पे जाती है. मी ऐकलेल्यावर नाही काटलं. तीन दिवस जाऊन बघितलं. तिन्ही दिवस ताला. मला राग आला, की पेशंटची सेवा करते आणि आईला कोंडते. ताला मी डोळ्यांनी पाहिला होता, मॅडम. आत काय आहे ते तिला विचारलं नाही. नियमात बसत नव्हतं."

त्यांनी खिशातून यादी काढली, माझ्याच अक्षरातली, तिची एक प्रत मी त्यांना दिली होती. लाल पेनने आपल्या नावावर रेघ ओढली. "जो नियम तिला लावला तो मला," म्हणाले. मी हात धरायला गेले, पण तोवर रेघ पूर्ण झाली होती. मला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवून विचारावंसं वाटलं, की हा असला कसला नियम घेऊन बसलात तुम्ही इतकी वर्षं?

पण त्यांना आता एकच गोष्ट हवी होती. सुमनची शाल तिला मिळायला हवी, आणि ती आपल्या हातून मिळायला हवी. पुढच्या सोमवारी समोरच्या बाई काकूंजवळ बसायला तयार झाल्या, आणि आम्ही दोघं महूला गेलो. सुमन आता वडिलांच्या घरी राहते, एकटीच. नोकरी तेवढी इंदूरला. त्या दिवशी तिची सुट्टी होती.

केस पांढरे झालेत तिचे. बैठकीत बुद्धाची मूर्ती, शेजारी हवालदार साहेबांचा वर्दीतला फोटो आणि आईचा एक. फोटोतल्या आईने माहेश्वरी साडी नेसली होती, हिरवी, नवीकोरी दिसणारी. सुमनने चहा केला. बाबूंनी कप हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत. मीच बोलायला सुरुवात केली, की यंदा शाळेत तुझा सत्कार करायचा आहे, तू नाही म्हणू नकोस.

सुमन म्हणाली, "नको मॅडम."

"अगं पण..."

"त्या वर्षी तुमचा फोन आला तेव्हा मी आईला सांगितलं होतं. आई सगळं विसरून गेली होती तोवर. बाबा गेलेत हे विसरली होती, माझं नाव विसरली होती. पण हे कसं कोण जाणे, लक्षात राहिलं तिच्या. शाळेत आपला सत्कार आहे. रोज सकाळी आंघोळ करून ती साडी नेसून बसायची. आज आहे ना? मी म्हणायचे, उद्या आहे आई. पुढची दोन वर्षं रोज सांगितलं मी, उद्या आहे." तिने फोटोकडे बघितलं. "तिला घेऊन जायचं होतं मला तिथे. आता मी एकटी स्टेजवर चढून काय करू?"

तो फोन मी केला होता. आणि नंतरचा केला नव्हता. मी तसं तिला म्हटलं, रडत रडतच म्हटलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि त्याने तर मला आणखीच वाईट वाटलं.

मग बाबू बोलले. पाल्हाळ न लावता, ऑफिसात सांगावं तसं, सरळ. मी काटलं, या कारणाने काटलं, माझं चुकलं.

सुमनने त्यांच्याकडे बघितलं. "आईला दोनदा रेल्वेच्या पटरीवरून आणलं होतं, बाबू," ती म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "एकदा विचारायचं ना मला."

बाबूंनी कप खाली ठेवला. मग पिशवीतून एक कागद काढला आणि उभे राहिले. "वाचू?" त्यांनी विचारलं. "नंतर पाहिजे तर फाडून टाक."

इतक्या वर्षांत मी त्यांना मानपत्र वाचताना कधी ऐकलं नव्हतं. आवाज बारीक होता.

"कुमारी सुमन कांबळे, शाळेच्या माजी विद्यार्थिनी, यांनी इयत्ता सहावी ते दहावी या काळात महूहून गाडीने येऊन एकही दिवस उशीर केलेला नाही. ज्या रुग्णांना घरचे लोक हात लावीत नाहीत त्यांची सेवा त्यांनी स्वतः मागून घेतली. त्याच काळात आजारी आईचा सांभाळ त्यांनी एकटीने केला. सदर मानपत्रास अकरा वर्षांचा विलंब झाला आहे. या विलंबास शाळा, कार्यालय अथवा अन्य कोणीही जबाबदार नसून केवळ निम्नस्वाक्षरीकार जबाबदार आहे."

खाली त्यांची सही होती. मानपत्रावर बाबूंची सही असण्याची ती पहिलीच वेळ.

सुमनने कागद घेतला, स्वतः पुन्हा एकदा वाचला, घडी केली आणि आईच्या फोटोमागे ठेवला. शाल मात्र घेतली नाही. "ती नको," म्हणाली. बाबूंनी आग्रह केला नाही. शाल परत पिशवीत गेली.

आम्ही निघायला उठलो, तशी ती नर्स झाली. "काकूंचं काय करता तुम्ही? जेवतात नीट?" बाबू सांगत गेले, ती ऐकत गेली. गॅसची बटणं काढून ठेवा म्हणाली, नाव आणि फोन नंबर लिहून पदराला शिवा म्हणाली. "आणि ताला लावावा लागतो त्याचं मनाला लावून घेऊ नका. पण दिवसातून एकदा हात धरून बाहेर न्या. त्या म्हणतील, घरी जायचंय. घरातच बसून म्हणतील. तेव्हा हे घरच आहे असं समजावत बसू नका. बरं म्हणा, आणि गल्लीला एक चक्कर मारून परत आणा. आईला मी उशिरा न्यायला लागले. आधी मलाही माहीत नव्हतं."

बाबूंनी निळं पेन काढून हे सगळं लिहून घेतलं.

त्यानंतर बाबू जेमतेम पंधरा दिवस होते. एका सकाळी प्रेसवाल्याला कपडे देताना दारातच खाली बसले, ते उठले नाहीत. काकूंना त्यांची भाची देवासला घेऊन गेली. सुमन बाबूंना पोचवायला आली होती, काकूंजवळ दिवसभर बसली, आणि कोणाशी फार न बोलता शेवटच्या गाडीने परत गेली. मी नेमकी आजारी, शेवटचं दर्शनही झालं नाही. माझ्यापुरते पागे बाबू महूहून परत आलो त्या संध्याकाळीच संपले.

त्या संध्याकाळी मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेले होते. समोरच्या बाई काकूंजवळ बसलेल्या होत्या, आम्हाला बघून घरी गेल्या. थंडी पडली होती. काकू खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या. बाबूंनी आत स्वेटर शोधलं, सापडेना. मग त्यांनी पिशवीतून ती शाल काढली, घडी मोडली, आणि दोन्ही हातांनी धरून, कार्यक्रमात घालतात तशी, काकूंच्या खांद्यांवर घातली. मुद्दाम तसं केलं की सवयीने झालं, मला माहीत नाही.

काकू एकदम ताठ बसल्या. मग उठून उभ्या राहिल्या. बाबूंना हात जोडले, मला जोडले, मग समोर रिकाम्या भिंतीकडे वळून सगळ्यांना जोडले. मी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार होते?

"माझा सत्कार?" काकू लाजून म्हणाल्या. "मी काय केलंय हो?"

बाबूंनी काकूंच्या खांद्यावरून सरकलेली शाल नीट केली, एकदा केली, परत केली.

"झालं ना आता?" काकूंनी त्यांना हळूच विचारलं, पाहुण्यांसमोर विचारावं तसं. "मग घरी जाऊ या. उशीर झालाय."

मी बाबूंकडे बघितलं. ते म्हणाले, "हो, जाऊ या हं." त्यांनी काकूंच्या पायांत चपला घातल्या, हात धरला, आणि दोघं उंबरा ओलांडून गल्लीत उतरले. सावकाश चालत होते. काकू मध्येच प्रेसवाल्याला शाल दाखवायला थांबल्या. मग कोपऱ्यावरून वळले आणि दिसेनासे झाले. मी घर राखत दारात उभी राहिले.